अगाथाबाईंच्या मागचा उजेड

मला एका जागी बसवत नाही. हा लेख लिहितानासुद्धा मी तीनदा उठले, एकदा गॅस बघायला, एकदा कबुतरं हाकलायला आणि एकदा उगाचच. गंमत म्हणजे याच बाईने राजवाड्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत, मागच्या खोलीत, एकाच स्टुलावर बसून चाळीस वर्षं काढली. तिथे मात्र हात कधी हलला नाही. हलला असता तर लोकांच्या नाकांचं काही खरं नव्हतं.

माझं काम रिटचिंगचं. फोटो काढणारा वेगळा, डार्करूममध्ये धुणारा वेगळा, आणि नंतर चेहऱ्यावरचे डाग, देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं घालवणारी मी. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून दिवा, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने, श्वास धरून, ठिपका ठिपका भरायचा. आमचं घराणं महूचं. आजोबा फौजेत होते, वडील रेल्वेत. मुलीने फोटोच्या दुकानात बसावं हे वडिलांना मुळीच पसंत नव्हतं. पण मी हट्टी, आणि शिवाय घरी बसवत नव्हतं, हे वर सांगितलंच.

गिऱ्हाइकं काय एकेक यायची. बडा गणपतीकडचं एक जुनं मराठी घर, होळकरांच्या कारभारात होते म्हणे. आजोबांचा एकच फोटो, तोही साध्या टोपीतला. मुलांना पगडी हवी. कोणती पगडी, यावर दोघा भावांचं काउंटरवरच इतकं वाजलं की सेठजींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, दोघांना चहा पाजून वेगवेगळ्या वेळी बोलावलं. मी दोन फोटो केले. आजोबा अजून दोन घरांत दोन पगड्या घालून लटकलेत.

दुसरा एक गृहस्थ आला, लग्नाचा फोटो घेऊन. पहिली बायको त्यातून काढायची होती. दुसरी बाहेर स्कूटरवर बसलेली, म्हणून तो अगदी हळू बोलत होता. मी काढली. मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष त्याच्या कोटाच्या बाहीवर होतं, कारण तिचा हात बाहीवर होता आणि हात काढला की बाही नव्याने रंगवावी लागते. बाही इतकी सुरेख जमली की मी ती चार जणांना दाखवली.

याला आम्ही कटिंग म्हणायचो. ग्रुप फोटोतून एकच माणूस कापून काढायचा. मेलेल्या माणसांचं हे काम फार यायचं, कारण जिवंतपणी कुणी एकट्याचा फोटो काढत नाही आणि गेल्यावर भिंतीवर लावायला एकट्याचाच लागतो. माणूस कापला की केसांची कड फाटकी दिसते, शेजाऱ्याचं कोपर, कुणाचा कान मागे राहतो. त्यावर इलाज एकच. एअरब्रशने डोक्यामागे पांढरट धुकं मारायचं. कड त्यात विरते, कोपर गायब, आणि माणूस कसा तेजस्वी दिसतो. सेठजी काउंटरवरूनच ओरडायचे, “शोभा, उजाला मार दे.” सगळ्या बाजारात माझा उजेड प्रसिद्ध होता. आणि त्या उजेडाखाली काय काय दडलंय हे फक्त मला ठाऊक होतं.

वीसेक वर्षांपूर्वी सिमरोलकडची एक बाई दुकानात आली. लुगड्याचा पदर तोंडावर ओढलेला. सिमरोलच्या पुढे, रस्ता सोडून आत गेलं की एका गावात ख्रिस्ती सिस्टरांचा दवाखाना आहे. तिथल्या सिस्टर अगाथा नुकत्याच गेल्या होत्या. सगळ्या पट्ट्यात त्यांना अगाथाबाई म्हणत. टीबी झालेल्या बायकांना घरचे त्या काळी ताटवाटी वेगळी करून ओसरीबाहेर काढत, तेव्हा ही बाई त्यांना आणून स्वतःच्या शेजारी जेवायला बसवायची. शेवटी टीबीनेच गेली. फोटो काढून घ्यायची नाही. एकच होता, दवाखान्याच्या दारात सहा जण उभे, मध्ये अगाथाबाई. गाववालीचं म्हणणं, बाई एकटी काढून द्या, दवाखान्यात लावायची आहे.

मी कापली. अवघड काम होतं, अजून आठवतं. डावीकडे एक काटकुळी, गालफडं बसलेली बाई होती आणि तिचा हात अगाथाबाईंच्या खांद्यावर होता, चांगला पंजाभर. हात उडवला, खांदा नव्याने रंगवला, पण तो काही मनासारखा येईना. मग काय, उजाला मार दे. डावीकडे जरा जास्तच मारला. तयार फोटो सेठजींनी स्वतः उचलून उजेडात धरला. एकदम देवीच.

तो फोटो दवाखान्याच्या हॉलमध्ये लागला. मग गावातून मागण्या आल्या, साठेक प्रती तरी गेल्या असतील. मी विसरून गेले. पुढे कॉम्प्युटर आले, सेठजी गेले, स्टुडिओच्या जागी मोबाइल कव्हरांचं दुकान झालं आणि मी घरी बसले. म्हणजे बसले नाही, घरात फिरत राहिले.

गेल्या वर्षी एक दिवस दारात अॅक्टिव्हा थांबली. हेल्मेट काढून पांढऱ्या दाढीचे एक वाळकेसे गृहस्थ आत आले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, मी फादर सायमन, मूळचा वसईचा, गेली तीस वर्षं इकडेच. पिशवीतून त्यांनी फ्रेम काढली, पाठीवर आमच्या स्टुडिओचा शिक्का, त्यावरूनच शोधत आलेले. माझी अगाथाबाई. मागे माझा उजेड. मला इतका आनंद झाला, की मी त्यांना पाणी विचारायचंही विसरले.

फादरांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. अगाथाबाईंना संत म्हणावं अशी विनंती त्यांच्या चर्चकडे गेली होती. ते असं एका दिवसात होत नाही. आधी इथे चौकशी बसते, ओळखणाऱ्यांच्या शपथेवर साक्षी घेतात, बाईने लिहिलेली चिठ्ठी न् चिठ्ठी तपासतात, मग कागद सील करून रोमला. पायऱ्या चार, आणि एकेका पायरीला आयुष्यं जातात. फादर म्हणाले, तुमच्या-माझ्या हयातीत होईलच असं नाही. अगाथाबाई अजून पहिल्या पायरीवर होत्या. त्यांनी मोबाइलवर मला जगभरातली अशी रांगेत उभी असलेली माणसं दाखवली. मी समजत होते सगळे झग्यातले म्हातारे असणार. छे. एक हसणारी डॉक्टरीण, एक पोरांना घेऊन बसलेलं जोडपं. मला सगळ्यांत आवडला तो बुशशर्ट घातलेला एक चष्मेवाला, सायकल धरून उभा, मागे दोरीवर कपडे वाळत घातलेले. त्या काळी माझ्याकडे आला असता तर ते कपडे मी नक्की उडवले असते. पण एकाच्याही मागे उजेड नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग फादरांनी विचारलं, हा उजेड तुम्ही का घातलात?

आता बघा माझा मूर्खपणा. समोर पाद्री बसलाय, त्यांच्या बाईला संत करायचंय, तर त्याला बरं वाटेल असं बोलावं म्हणून मी हात जोडून म्हणाले, “श्रद्धेनं घातला, फादर. ती संतच होती. घालताना माझे डोळे भरून आले होते.”

फादरांचा चेहरा उतरला. चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला.

त्यांच्यात नियम उलटा आहे. संत ठरायच्या आधी कुणी जाहीरपणे संत मानून पूजा करायची नाही. मनात आठवण काढा, घरात प्रार्थना करा, पण सगळ्यांच्या जागेत हार, उदबत्ती, नारळ नको, आणि चित्रात प्रभावळ तर मुळीच नको. लोकांनी आपल्या मनानेच देव करून टाकला, असं दिसलं तर चौकशी तिथेच अडते. आणि इथे दवाखान्याच्या हॉलमध्ये वीस वर्षं तेजोवलय लावलेली बाई, पुढे उदबत्तीचं घर, खाली नारळाच्या शेंड्या. पंधरा दिवसांनी चौकशीची मंडळी तिथे जागा बघायला येणार होती. फादर म्हणाले की ज्या सिस्टरांनी अगाथाबाईंच्या हाताखाली काम केलं, त्यांतल्या दोघीच आता उरल्यात, दोघीही अंथरुणाला खिळलेल्या. आता अडलं तर पुन्हा सुरू करायला साक्षीदार उरणार नाहीत. ते जाताना गेट लावायचंही विसरले.

दोन दिवस मला चैन पडेना. डबे घासले, माळा आवरला, पुन्हा डबे घासले. आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीमागे प्रभावळ आहे, लहानपणापासून तीच बघत आले. तिच्याकडे बघायचं मी टाळायला लागले. कारण मी खोटं बोलले होते. श्रद्धा कसली डोंबलाची. मी हात लपवला होता. खांदा जमला नाही म्हणून पांढरं फासलं होतं. पण चाळीस वर्षांत मी कुणाला, अगदी सेठजींनाही, माझं काम कच्चं राहिलं असं सांगितलेलं नव्हतं. ते सांगायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी रिक्षा करून फादरांकडे गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. ते ऐकत राहिले, मग खुर्चीत मागे टेकून इतके हसले की त्यांचा चष्मा निघाला.

“शोभाताई, हे तुम्ही शपथेवर सांगाल?”

“माझं काम वाईट होतं, असं शपथेवर?”

“तेवढंच.”

मी म्हणाले सांगेन, पण मार्केटमध्ये बोलायचं नाही. ते म्हणाले, नाही बोलणार. पण एक अडचण होती. तो फोटो काढून तिथे लावायला खरा फोटो हवा. उजेड पुसणं आजकाल सोपं आहे, माझी भाचीसुद्धा मोबाइलवर करते. पण उजेडाखाली काहीच नाही. खांदा मी कल्पनेने काढलेला. चौकशीला बाईचा खरा चेहरा, खरं अंग पाहिजे, माझं चित्र नको. मूळ ग्रुप फोटो मी तेव्हाच गिऱ्हाइकाला परत केला होता. म्हणजे ती पदरवाली बाई शोधायची.

फादरांच्या जुन्या जीपमधून आम्ही निघालो. सिमरोलला आता मोठ्या इंजिनीअरिंग कॉलेजचा कॅम्पस आहे. गावातली अर्धी माणसं तिथे मेसमध्ये, बागेत, गेटवर कामाला. गेटवरच्या चौकीत बघते तर माझी अगाथाबाई, खिळ्याला टांगलेली, पुढे प्लास्टिकचा हार. आम्ही घराघरांतून फिरलो. नवा फोटो देऊ, हा परत द्या, असं फादर समजावत. कुणी दिले, कुणी नाक मुरडलं. एक म्हातारा मला म्हणाला, भगवान वापस लेने आई हो क्या. लाजेने माझी मान वर होईना. साठ घरांत साठ वेळा माझाच लपवलेला खांदा माझ्याकडे बघत होता.

ती बाई सापडली दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत. गेंदीबाई. माझ्याच वयाची, अंगाने भरलेली, दवाखान्यात झाडलोट करते. तिच्या घरातही फोटो होता आणि पुढे उदबत्ती पेटलेली. तिने आम्हाला खाटेवर बसवलं, चहा ठेवला, सगळं शांतपणे ऐकलं आणि सरळ नाही म्हणाली. फादरांनी पुन्हा समजावलं, की यामुळे अगाथाबाईंचंच काम अडेल. तरी नाही. मग मी म्हणाले, की बाई, त्या उजेडात काही नाही, तो माझा ब्रश आहे, तिथे कुणाचा तरी हात आला होता म्हणून मी तो झाकला.

गेंदीबाईने चहाचं भांडं उतरवलं.

“मेरा हाथ था, बेन.”

मला काही कळेना. मग तिने कपाटावरची पेटी उतरवली आणि लुगड्याच्या घडीतून फोटो काढला. सहा माणसं, दवाखान्याचं दार. ती काटकुळी, गालफडं बसलेली बाई म्हणजे ही. टीबी झाली म्हणून नवऱ्याने घराबाहेर काढल्यावर वर्षभर तिला कुणी शिवलं नव्हतं. फोटोच्या वेळी ती लांब उभी राहिली, तर अगाथाबाईंनी तिला ओढून जवळ घेतलं आणि तिचा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला. मग म्हणाल्या, आता काढा.

हे मला तिने तिच्या मालवी-हिंदीत सांगितलं, चहा गाळता गाळता. मी दुकानात फोटो घेऊन आलेल्या बाईला समोर बघितलं होतं आणि फोटोतल्या बाईलाही बघितलं होतं, पण दोघी एकच हे माझ्या लक्षात आलं नाही. मी फक्त कड बघत होते. मी विचारलं, तुमचा हात गेलेला दिसला तेव्हा दुकानात येऊन भांडला का नाहीत?

“भांडण कशाचं,” अशा अर्थाचं ती काहीतरी म्हणाली, आणि मग, “जहाँ मेरा हाथ था, वहाँ आपने उजाला कर दिया. मैंने सोचा, अच्छा ही तो है. मैं उसी को अगरबत्ती लगाती थी.”

मला रडू आलं. फादर दाराबाहेर जाऊन उभे राहिले. गेंदीबाईने माझ्या हातात कप दिला आणि फ्रेम भिंतीवरून उतरवून पदराने पुसली. “उजाला ले जाओ,” ती म्हणाली. “पर हाथ वापस रखना.”

मूळ फोटो मी भाचीकडून कॉम्प्युटरवर घेतला. ओरखडे होते, पाण्याचा डाग होता, ते मी तिच्या शेजारी बसून, तिला सतरा वेळा ओरडून, साफ करून घेतले. फादरांचं म्हणणं, चौकशीच्या कागदांसाठी एकट्या बाईचा चेहरा लागेल, तेवढा कापून द्या. मी त्यांना म्हणाले, कागदांसाठी द्यायचा तो तुम्ही कुठूनही कापून घ्या, माझ्या हातून आता कापलं जाणार नाही. हॉलसाठी मोठी प्रत काढली ती सहाच्या सहा जणांची, दारासकट, दाराशी ठेवलेल्या झाडूसकट. साठ घरांसाठीही तीच.

मंडळी यायच्या आदल्या दिवशी फोटो लागला. गावातल्या बायका जमल्या आणि अगाथाबाईंना सोडून बाकीचे पाच कोण कोण यावर त्यांच्यात वाद सुरू झाला. दोघं गेले होते, एक धारला मुलाकडे होता, एकाचं नाव कुणालाच आठवेना. गेंदीबाईने उदबत्तीचं घर काढून नेलं.

दुसऱ्या दिवशी तिघे फादर आले. एक विचारणारे, एक ऐकणारे, एक लिहिणारे. अगाथाबाईंची कबर बघितली, खोली बघितली, हॉलमध्ये टेबल मांडलं. मला शपथ दिली. मी सगळं सांगितलं, कट, खांदा, एअरब्रश, आणि श्रद्धेचं मी खोटं बोलले होते तेही. विचारणाऱ्यांनी विचारलं की तुमच्या मते सिस्टर अगाथा संत होत्या का. मी म्हणाले, माझं मत कशाला, मी तिला ओळखत नव्हते, फक्त कापली होती. लिहिणारे थांबले, मग लिहू लागले.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात विचारणाऱ्यांची नजर भिंतीखाली गेली. फरशीवर उदबत्तीच्या राखेचा काळा डाग होता, वीस वर्षांचा, पुसून न जाणारा. दाराशी गेंदीबाई झाडू घेऊन उभी होती. त्यांनी तिलाच बोलावलं. फादर सायमन माझ्याकडे बघायला लागले. तिला आम्ही काहीच पढवलेलं नव्हतं. पढवलं असतं तरी ती खोटं बोलली नसती, एवढं मला तिच्या घरी कळलं होतं. माझे पाय टेबलाखाली एकसारखे हलत होते.

“यहाँ अगरबत्ती कौन लगाता था?”

“मैं लगाती थी,” गेंदीबाई म्हणाली.

“और अब?”

तिने वर फोटोकडे बघितलं, अगाथाबाईंकडे आणि त्यांच्या खांद्यावरच्या हाताकडे.

“अब कैसे लगाऊँ, फादर? इसमें तो मैं भी हूँ, और मैं तो अभी जिंदा हूँ.”

लिहिणाऱ्यांनी मान खाली घालून ते जसंच्या तसं लिहून घेतलं.